मामाचं वजन

लखनौहून ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई पाट्यावर तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचं वाटप वाटत होती. तिचे हात हळदीने पिवळे झाले होते, म्हणून फोन मी धरला. स्क्रीनभर बाळाचा एक गाल आणि मागून ताईचा आवाज. नामकरण रविवारी सकाळी, पंडितजी येणार, हवन होणार, सगळं तिच्या सासरच्या पद्धतीने. मग ती म्हणाली, "पण आई, दुपारचे दोन तास तुझे. सासूबाईंनी पाळणा सांगून ठेवलाय. तुला काय ते बारसं कर."

आईचा हात थांबला. आठवडाभर ती विनाकारण कपाटं आवरत होती आणि 'त्यांच्यात बारसं नसतं' हे बाबांना दिवसातून चार वेळा सांगत होती. आता तिने वरवंट्याला चिकटलेलं खोबरं बोटाने निपटून काढलं, तो पाण्याखाली धरला आणि म्हणाली, "म्हणजे मामाला न्यायला पाहिजे."

मामा म्हणजे तो वरवंटाच. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला टोपडं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, आणि बायकांनी देवाची नावं घेत पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचं. मग बाळ. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं म्हणतात. आमचा वरवंटा मालवणजवळच्या आमच्या गावाहून आलेला, काळा, मधोमध झिजून किंचित कंबर आलेला. तो ताईच्या आधी पाळण्यात झोपला आणि पुढे माझ्या आधीही. आम्हाला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे आई थट्टेने त्याला आमचा थोरला भाऊ म्हणायची. ताई लहानपणी त्याला राखी बांधायची. मी ते इतकं खरं धरलं होतं की पहिलीत इंग्रजीत 'माझं कुटुंब' लिहायला सांगितलं तेव्हा मी लिहिलं, मला एक भाऊ आहे, तो काळा आहे आणि स्वयंपाकघरात राहतो. शाळेतून आईला बोलावणं आलं. त्यानंतर घरातल्या गोष्टी शाळेत, कॉलेजात, ऑफिसात न सांगण्याची मला सवयच लागली.

आता ताईला मुलगी झाली म्हणजे थोरला भाऊ मामा झाला होता आणि मी मावशी. तिकिटं मीच काढली. ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी एकदा विमानाने गेले होते, तेवढ्यावर घरात मी विमानातली तज्ज्ञ ठरले होते. दोघींच्या मिळून सामानाला तीस किलो, शिवाय हातात सात-सात, हे मी आईला समजावलं. तिने विचारलं, "माणूस धरून?"

नाही, माणसाचं वजन करत नाहीत, म्हटल्यावर तिला ते पटेना. म्हणजे पैलवान असो की तुझ्यासारखी काडी, दोघांना तेच पंधरा किलो? कुणी ठरवलं हे? हे मला माहीत नव्हतं. पण ती चिडली नव्हती, फारच खुशीत होती आणि भांडायला काहीतरी हवं होतं.

पुढचे दिवस नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, हळीव, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, काजू, विहीणबाईंसाठी साडी आणि पितळेच्या समयांची जोडी. समया आईने स्वतः मुलुंडला जाऊन, दुकानात पेटवून बघून घेतल्या होत्या. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं तर हात भरलेले असायला हवेत, हे तिचं ठाम होतं. सगळ्याच्या तळाशी मामा, दुपट्यात गुंडाळलेला. टोपडं मापाला बसतं का म्हणून तिने घालून बघितलं आणि मग ते काढलंच नाही.

ताईने फोनवर सांगून पाहिलं, दगड कशाला आणतेस, लाटणं आहे घरात, त्यालाच टोपडं घालू. आई म्हणाली, "आणि पोरगी लाटण्यासारखी किडकिडीत झाली म्हणजे?" माझ्याकडे एक कटाक्ष. मीही हळूच म्हणून पाहिलं होतं की विमानात दगड बरा दिसत नाही. त्यावर तिने एवढंच विचारलं, "तुझ्या भावाला सांगू काय असं बोललीस म्हणून?"

मग बॅगा वजन करायला आम्ही खालच्या रद्दीवाल्याकडे नेल्या.

हे आत्ता लिहिताना मला हसू येतंय. माझ्या जन्माआधीपासून आई त्या रद्दीवाल्याशी भांडत आली आहे. घरातून निघताना तिच्या हाताला सहा किलो लागलेले पेपर त्याच्या काट्यावर पाच भरायचे. ती म्हणायची, तुझा काटा कागद खातो. तो म्हणायचा, काकी, पेपर वाळला असेल. पण काटा म्हटलं की आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर तोच आला, आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने हुकाला एकेक बॅग टांगली, सुई स्थिर होऊ दिली आणि सांगितलं, "एकोणतीस दोन्ही मिळून. अजून एक किलो बसेल, काकी."

आईने वर जाऊन कडबोळ्यांचा डबा भरला.

शनिवारी सकाळी टॅक्सी आरेच्या झाडांमधून विमानतळाकडे निघाली तेव्हा आई रस्त्याकडे बघत नव्हती. ती पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांना सूचना देत होती: दूध, गॅस, शेजारची चावी. बाळाला मी अजून फोनमध्येच पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्या हातात असणार होती. बाबांना विमानतळाच्या आत सोडणार नव्हते. ते दारापाशी उभे राहिले आणि म्हणाले, आत सगळं पार पडलं की फोन करा. "तवसर मी हयच आसंय."

काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची असेल. तिने हसून बॅगा पट्ट्यावर ठेवायला सांगितल्या. पहिल्या बॅगेचे लाल आकडे सतराच्या वर जाऊन थांबले. दुसरी सोळाच्या वर. "तीन किलो चारशे जास्त होतंय," ती मराठीत म्हणाली.

मला रद्दीवाल्याचा राग आला. आईचा चेहरा मात्र उजळला. ती त्या आकड्यांकडे अशी बघत होती की जणू निकाल लागलाय आणि ती पहिली आली आहे.

"बघितलंस? म्हणजे इतकी वर्षं मीच बरोबर होते."

काउंटरवरच्या मुलीला काही कळलं नाही. आमच्या मागे रांग होती. मी खाली बघत पर्समधून कार्ड काढलं. जास्तीच्या प्रत्येक किलोचे किती होतील ते तिने सांगितलं. ते ऐकून आईने माझं कार्ड शांतपणे परत पर्समध्ये घातलं आणि चेन लावली. एवढ्यात नवा पाटा-वरवंटा आला असता, तोही घडवून. आणि भावाला भाडं लावून नेतात काय? आमच्या पुढे जो माणूस होता त्याच्या पोटावर पट्टा बसत नव्हता, त्याची बॅग बारा किलोची म्हणून त्याला काही नाही. "त्याच्यात तुझ्यासारख्या दोन मावतील. सांग ना हिला. इंग्लिशमध्ये सांग."

आईचा असा पक्का समज आहे की माझं शिक्षण अशाच प्रसंगांसाठी झालंय. इंग्रजी मला येतं. पण अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मला कुठलीच भाषा येत नाही. ती मुलगी हसली. "काकू, माणसांचं वजन करायला लागलो तर या रांगेत कुणी उभंच राहणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाली की बाजूला घेऊन थोडं काढा, परत माझ्याकडेच या, पुन्हा रांगेत उभं राहू नका.

आम्ही भिंतीपाशी जमिनीवर बसून दोन्ही बॅगा उघडल्या. आमचं सगळं घर त्या चकचकीत फरशीवर आलं: हळिवाची पुडी, आईच्या साड्या, माझे कपडे, आगळाच्या बाटल्यांना गुंडाळलेला बाबांचा जुना बनियन. हातातल्या बॅगा आधीच भरलेल्या होत्या. मला वाटलं आई आता लाडू काढेल, नाहीतर कडबोळी. तिने सरळ तळाशी हात घातला, दुपट्याचं गाठोडं काढलं आणि मांडीवर घेतलं. बाजूने जाणारी एक बाई कौतुकाने बाळ बघायला वाकली आणि तशीच सरळ होऊन निघून गेली.

आई थोडा वेळ टोपड्याचे बंद सारखे करत राहिली. मग म्हणाली, "रवांदे गो. बाबा भायर आसत. लाटण्यानय होतला."

आई एरवी आमच्याशी मुंबईचंच मराठी बोलते. मालवणीत ती बाबांशी बोलते, किंवा अगदी आतलं काही असलं तर.

हेच तर मला हवं होतं. ताईला हवं होतं. दगड परत जाईल, कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. पण फरशीवर मांडलेल्या सामानाकडे मी बघितलं. लाडू ताईसाठी, झबली बाळासाठी, काजू जावयासाठी, साडी आणि समया विहीणबाईंसाठी. तीस किलोत, नेसायच्या साड्या सोडल्या तर, आईचं स्वतःचं असं एवढंच होतं, आणि तेच ती सगळ्यात आधी बाहेर काढत होती. कारण त्याच्याबद्दल तिच्याकडे कुणी विचारणा करणार नव्हतं.

मी समयांची दोन गाठोडी उचलली.

"ह्या बाबांकडे देऊन येते."

"वेडी आहेस काय? पहिल्यांदा चाललोय. विहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ?"

"साडी आहे, काजू आहेत. समई लखनौमध्ये पण मिळेल, आई. मामा नाही मिळणार."

हे मी मोठ्याने बोलले. इतक्या मोठ्याने की काउंटरवरची मुलगी मान वळवून बघायला लागली. आईने गाठोडं उचलून पुन्हा बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि त्याच्यावर माझे कपडे दाबून बसवले, म्हणजे मी विचार बदलायला नको.

मी अक्षरशः पळत दारापाशी गेले. बाबा तिथेच होते, खांबाला टेकून, कुणाच्या तरी सामानाची राखण करत. पहारेकऱ्याला विनंती करून मी समया त्यांच्या हातात दिल्या. ते गोंधळले. "ह्यो समयो कित्याक? आणि मामा खंय?"

"मामा येतोय आमच्याबरोबर."

"मग बरां झालां," ते म्हणाले आणि आमचा फोन आल्यावर दोन्ही काखांत एकेक समई धरून घरी निघाले. बसमध्ये त्यांना तीन जणांनी उठून जागा दिली, देवळात चालले असावेत असं समजून, हे त्यांनी नंतर आम्हाला फार रंगवून सांगितलं.

दुसऱ्यांदा आकडे तिसाच्या आत थांबले. पट्टा सुरू झाला, बॅगा रबरी पडद्याआड गेल्या आणि आईने गणपती विसर्जनाला जोडतो तसे हात जोडले.

पण मामा अजून सुटला नव्हता. आम्ही विमानाच्या गेटपाशी बसलो असताना स्पीकरवर आईचं नाव आलं. बॅग तपासायची आहे, खाली या. आईने मला पुढे केलं, "तू जा, तुला बोलता येतं." एका अरुंद खोलीत टेबलावर आमची बॅग होती आणि शेजारच्या पडद्यावर तिचं पोट दिसत होतं. सगळं धूसर केशरी, आणि मध्यभागी एक गच्च गडद लांबोळा आकार. वर्दीतल्या माणसाने त्यावर बोट ठेवलं. "ये क्या है?"

मी बॅग उघडली. माझे कपडे बाजूला केले आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. दुपटं सोडताच झालरीचं गुलाबी टोपडं घातलेला वरवंटा बाहेर आला. खोलीतल्या तिघांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

ऑफिसच्या ईमेलमध्ये मी हे दोन ओळींत नीट लिहिलं असतं. तोंडातून निघालं ते असं:

"ये बच्ची का मामा है."

पहिलीतल्या निबंधानंतर हे मी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसांना सांगत होते. या वेळी मात्र थांबता येईना. बहिणीची मुलगी, उद्या नाव ठेवायचं, आमच्यात पाळण्यात आधी हा जातो, माझ्याआधी पण हाच गेला होता, हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्या माणसाने तो उलटसुलट करून बघितला, बोटाने ठोकून बघितला. तिथल्या बाईंच्या हातात दिला, त्यांनी बाळासारखाच घेतला. त्याला परत दुपट्यात गुंडाळताना तो माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मामा का तो अलग टिकट लगता है, मैडम."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. गेटपर्यंत येताना मी चालत होते की उड्या मारत होते, आठवत नाही.

विमान धावायला लागलं तशी आईने माझं मनगट पकडलं. वर गेल्यावर तिने विचारलं, "मामा कुठे असेल आत्ता?" मी पायाखाली बोट दाखवलं. तिने चप्पल काढून पाय वर घेतले. जरा वेळाने म्हणाली की एवढं सगळं उचलतंय हे विमान, एवढी माणसं, आणि कुरकुर कशाची तर तीन किलोची. मी तिला म्हटलं, कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती म्हणाली, रेघेचं काही नाही गं. रेघ सगळ्यांना सारखी आहे, ते आवडलं मला. पण बॅगेत काय आहे ते काट्याला कळत नाही, आणि आपण मात्र त्याच्यापुढे बसून ठरवायचं कुणाला मागे ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या खोलीत झेंडूच्या माळा लावलेला पाळणा आणि भोवती तिच्या सासरच्या सात-आठ बायका. त्यांना काय करायचं ते समजावणार कोण? आईचं हिंदी भाजीबाजारापुरतं, ताई बाळाला पाजत होती. मीच पाळण्याच्या एका बाजूला उभी राहून, कुणी वरून द्यायचं, कुणी खालून घ्यायचं ते दाखवलं. मामा हातोहात फिरायला लागला तशी खोलीत एकच हसाहस. ताईच्या सासूबाई दोन्ही हातांत तो तोलत म्हणाल्या, "अरे, ये तो बच्ची से भी भारी है!" आणि त्यांनी तो पाळण्यात असा काही अलगद ठेवला की आईने माझ्याकडे वळून बघितलं. समयांची चुटपुट तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही.

मग बाळाला घालण्याआधी ताईने वाकून मामाला उचललं. लाटणं चालेल म्हणणारी ती. तिने त्याला नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"आई, अजून तिरफळाचा वास येतो गं."

परतीच्या प्रवासाला आमच्या बॅगा बऱ्याच हलक्या झाल्या होत्या. मामा ताईने ठेवून घेतला असता, पण आईने नकार दिला. अजून धाकटीचं व्हायचंय, असं ती त्या सगळ्यांसमोर म्हणाली आणि मी पाळण्याची माळ नीट करत बसले. लखनौच्या काउंटरवर आकडे बावीसला थांबले तेव्हा तिने तिथल्या मुलाला तिच्या हिंदीत विचारलं, जाते टाइम तीन जादा था तो पैसा मांगा, अभी आठ कम है तो वापस देगा क्या? तो नुसता हसला. मग तिने बॅगेतून मामा काढला आणि एकट्याला पट्ट्यावर ठेवला. मागे रांग होती. मी या वेळी खाली बघितलं नाही, मीही आकडेच बघत होते. तीन किलो सहाशे.

मुंबईला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आई महिन्याची रद्दी घेऊन खाली निघाली. एका हातात पेपरचा गठ्ठा, दुसऱ्या हातात पिशवी. मी मागोमाग गेले. तिने आधी पिशवी हुकाला टांगायला लावली. सुई तीनच्या किंचित वर जाऊन लटपटत थांबली. पिशवीतून गुलाबी झालर डोकावत होती. आईने त्याला सांगितलं, याचं खरं वजन तीन किलो सहाशे, विमानाच्या काट्यावर केलंय, आता बोल. रद्दीवाल्याने पिशवीत डोकावून बघितलं, मग आईकडे बघितलं. "काकी, स्प्रिंग म्हातारी झाली असेल," तो म्हणाला. त्या दिवशी आमची रद्दी त्याने मामाच्या हिशोबाने धरली. नंतर काटाही बदलला, पण आईने सवय बदलली नाही. रद्दी घालायची म्हणजे आधी मामा टांगायचा, मग पेपर.

परवा ताईचा कॉल आला. बाळ आता पालथं पडतं. तिने विचारलं, मामा काय म्हणतो? मी फोन घेऊन खिडकीशी गेले आणि तिला खालचा रस्ता दाखवला. एका हातात पेपर, दुसऱ्यात पिशवी घेऊन आई रस्ता ओलांडत होती.

"कामावर चाललाय," मी म्हटलं.